निशाण तालमीची हजेरी

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १२ जानेवारी २०२५

सम्मेद, जय जिनेंद्र!

हातानं लिहिलेलं पाकीट बघून वहिनी घाबरल्या असतील. त्यांना सांग, कुणी गेलेलं नाही, उलट एकजण परत आलाय. फोन करावा तर तुला बोलता येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या तर तू नुसता अंगठा दाखवतोस. मी गोव्यात खेळत होतो तेव्हा महिन्याला दोन इनलँड यायची तुझी. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं, पण पेठेतलं काही सुटायचं नाही. म्हटलं, तीच सवय पुन्हा लावू.

तर बातमी अशी, की तुझा हा मित्र निशाण तालमीच्या फुटबॉल संघाचा कोच झाला आणि मॅनेजरही. दोन माणसांची कामं, एकाच टकलावर. तीस वर्षांपूर्वी याच तालमीच्या दारातून पिशवी घेऊन निघालो होतो. आठ वर्षं गोवा, चार वर्षं कोलकाता, मग गुडघ्यानं दगा दिला आणि मैदानातून बाकावर आलो. कोचिंगच्या लायसन्सच्या परीक्षा दिल्या. पुण्यात असिस्टंट, मुंबईत हेड कोच. तीन क्लबांनी वाजतगाजत घेतलं आणि तिघांनीही न बोलता काढलं. जिंकलं की खेळाडू चांगले, हरलं की कोच वाईट, या धंद्यात दुसरा हिशेब नाही. आता दक्षिणेतल्या एका मोठ्या क्लबची माझ्यावर नजर आहे. या मोसमात काहीतरी जिंकून दाखवा, मग बोलू, म्हणतात. बावन्नाव्या वर्षी माझ्यासाठी ही शेवटची गाडी आहे, सम्मेद. ती मला चुकवायची नाही.

तालीम आहे तशीच. कुस्ती बंद पडून जमाना झाला, पण लाल मातीचा हौदा राखलेला आहे आणि त्यात कुणी पाय ठेवत नाही. हजेरीही तशीच. सामन्याच्या दिवशी दुपारी दोनला सगळ्यांनी हौद्याभोवती उभं राहायचं, मॅनेजरनं वहीतली नावं पुकारायची, ज्यानं त्यानं 'हाय' म्हणायचं. तीन हाका होऊनही उत्तर नाही आलं तर नाव कट. पण एकदा 'हाय' पडला की तो शब्द झाला. मग ताप असो, घरात लग्न असो, त्या माणसानं खेळायचंच. मी लायसन्सवाला माणूस, पहिल्याच दिवशी म्हटलं, हे बंद करू. अध्यक्ष जोतीराम माझ्याकडे असा बघायला लागला जसा काही मी मारुती हलवायला सांगितला.

"सर, तुमी गोव्याला शिका न्हाय तर कलकत्त्याला शिका. हितं हजेरी हुणारच."

झाली. आज पहिला सामना, दोन-एकनं जिंकलो. तुझा पोरगा अनेकांत मधल्या फळीत असा खेळला की मला शिट्टी मारावीशी वाटली. हे त्याला सांगू नकोस, चढेल. एक गंमत मात्र झाली. डाव्या बॅकचं नाव पुकारलं, हौद्याच्या पलीकडून खणखणीत 'हाय' आला. मी टिक केली. आणि पंधरा मिनिटांनी तोच गडी धापा टाकत दारातून आत आला, गंगावेशीत गर्दीत अडकला होता म्हणे. मग 'हाय' म्हटलं कोण? सगळे एकमेकांची तोंडं बघतात. चावटपणा, दुसरं काय! उद्या सगळ्यांना रंकाळ्याला दोन फेऱ्या. बिचाऱ्या बॅकचा विसाव्या मिनिटालाच घोटा मोडला, तो काय धावणार.

लगेच लिही.

तुझाच,
विजयसिंह


शिरोळ
१७ जानेवारी

विज्या,

पद्मावती खरंच घाबरली होती. पाकीट तिनं मला हात पुसून दिलं.

मी बरा आहे. मिरजेच्या घशाच्या ऑपरेशनला दोन वर्षं झाली. ज्या गोलकीपरच्या शिव्या स्टेडियमच्या बाहेर रस्त्यावर ऐकू जायच्या, तो आता दूधवाल्याला टाळी वाजवून बोलावतो. ठिबकच्या पाइपांचं दुकान चालू आहे. गिऱ्हाईक विचारतं, मी पाटीवर लिहितो. घासाघीस करायला कुणाला जमत नाही, धंदा वाढलाय.

अनेकांतनं इंजिनिअरिंगची नोकरी सोडली ती फुटबॉलसाठी, हे तुला माहीत आहे. पेठेत खोली घेऊन राहतो. आमच्या भावकीत सगळे मला हसतात. मी त्याला अडवलं नाही, कारण कोच तू आहेस. एकुलता एक आहे. तुझ्या भरवशावर सोडलाय, एवढं वाक्य दोनदा वाच.

तुझी गंमत मला गंमत वाटली नाही. हजेरीत दुसऱ्याच्या नावाला उत्तर देणं हा आपल्या तालमीत कधी चावटपणा धरला नाही. कोण होता ते शोध. आणि आवाज कसा होता ते लिही.

चार पानं खरडलीस, पण हंबीररावचं नाव नाही त्यात. दारावरचा त्याचा फोटो अजून आहे का?

सम्मेद


मंगळवार पेठ
रविवार, ९ फेब्रुवारी

सम्मेद,

उत्तराला उशीर झाला. क्वार्टर फायनल होती, पेनल्टीवर काढली. सेमीला पोचलो!

फोटो आहे. हार ताजा असतो. हंबीररावबद्दल आणखी काय लिहू? तो आपला उजवा विंगर, तापात खेळला, दुसऱ्या हाफमध्ये कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी पडला आणि संध्याकाळी गेला. बावीस वर्षांचा होता. त्याच सामन्यात त्याच्या दोन क्रॉसवर मी दोन गोल केले आणि बघायला आलेल्या गोव्याच्या माणसानं मला उचललं. तूही तिथं होतास. तीस वर्षांनी पुन्हा लिहून काय होणार आहे?

आता आजचं ऐक. आपला गोलकीपर मला काल सांगून गेला होता, 'सर, उद्या बहिणीचं लगीन हाय जोतिबाला, मी न्हाय.' मी म्हटलं, ठीक. पण पद्धतीप्रमाणे तीनदा पुकारून नाव कट करायचं म्हणून पुकारलं. पहिल्याच हाकेला पलीकडून 'हाय!'

मी मान वर केली. दहाजण हौद्याभोवती उभे. एकाचंही तोंड उघडं नाही. आवाज आला तिथं नुसती भिंत आहे, सम्मेद. भिंत आणि तिला टेकवलेली जुनी जोडी, मुद्गलांची.

जोतीराम म्हणाला, "पडला हाय. आणा त्येला."

मी म्हटलं, अहो, पोरगा मांडवात आहे. तर म्हणाला, "सर, शब्द पडलाय. आता त्यो त्येचा न्हाय, तालमीचा हाय." दोन मोटरसायकली डोंगरावर गेल्या. केसात अक्षता तशाच, पोराला आणून गोलमध्ये उभं केलं. दुसऱ्या हाफमध्ये त्याचा खांदा निखळला. बदली गोलकीपरनं पेनल्टी अडवल्या म्हणून निभावलं.

आमची फिजिओ आहे निशिगंधा, हुशार पोरगी. संघाच्या पेजसाठी ती हजेरीचा व्हिडिओ काढते. तिनं पुन्हा पुन्हा लावून बघितलं. आवाज आहे, ओठ कुणाचेच हलत नाहीत. तिचा चेहरा उतरला होता. मी तिला सांगितलं, जुन्या इमारतीत आवाज घुमतात. तिला पटलं नाही आणि मलाही नाही.

तू विचारलंस आवाज कसा. तरुण. जोरकस. उतावळा. ओळखीचा वाटतो, नाव जिभेवर येतं आणि जातं. अजून डोक्यातून जात नाही.

अनेकांतला थोडी कणकण होती, गोलकीपरचं बघून त्याचं नाव पुकारलंच नाही, बसवून ठेवला. हवा बदलली आहे.

विजयसिंह


शिरोळ
२१ फेब्रुवारी

विज्या,

कणकण नव्हती. डेंग्यू निघाला. ताप उतरला, पण छातीत धडधड थांबेना, म्हणून सांगलीला दाखवलं. हृदयाला सूज आहे. डॉक्टरांनी मला आणि पद्मावतीला समोर बसवून सांगितलं, दोन महिने धावायचं नाही. जिनासुद्धा हळू. धावला तर हृदय जागच्या जागी बंद पडू शकतं.

तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. बोलत नाही. घरात आता दोन मुके झाले.

त्याचं नाव वहीतनं काढून टाक. तीन हाका मारून कट करायची पद्धत त्याच्या बाबतीत नको. पुकारूच नकोस. पुन्हा लिहितो, पुकारूच नकोस.

आणि तो व्हिडिओ मला पाठव. मला आवाज ऐकायचा आहे.

सम्मेद


मंगळवार पेठ
९ मार्च

प्रिय सम्मेद,

तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. अनेकांतला माझा आशीर्वाद सांग. सेमी त्याच्याशिवाय खेळलो, एक-शून्य, नशिबानं. येत्या रविवारी, सोळाला फायनल आहे. दक्षिणेतल्या क्लबचा माणूस विमानानं येतोय, फक्त माझा संघ बघायला.

फायनलची हजेरी आठ दिवस आधी घेतात, तुला आठवत असेल. काल झाली. सगळं नीट पार पडलं. व्हिडिओ निशिगंधाकडे मागितला आहे, मिळाला की पाठवतो.

एक विचारू का? डॉक्टर लोक सांगताना जरा जास्तच सांगतात. मी स्वतः सुजलेल्या गुडघ्यावर दोन मोसम काढले, तेव्हाही खुर्चीत बसलेले म्हणत होते की मी लंगडा होणार. कोलकात्याचे एक डॉक्टर माझ्या ओळखीचे आहेत, त्यांचं मत घेऊ. अनेकांतला खेळवायचाच असं नाही. बाकावर बसला तरी पोरांना धीर येईल. फार तर शेवटची वीस मिनिटं, तीही गरज पडली तर. मधल्या फळीत त्याच्याशिवाय चेंडू टिकत नाही रे. तो स्वतः काय म्हणतो, ते विचार ना. खेळाडूचं मन आपल्याला कळतं, बाकीच्यांना काय कळणार?

वहिनींना नमस्कार.

विजयसिंह


शिरोळ
११ मार्च

विजयसिंह,

व्हिडिओ तुझ्याकडून येणार नव्हता, हे मला कळायला हवं होतं. निशिगंधानं तो अनेकांतला पाठवला. खाली लिहिलंय, 'काहीही झालं तरी येऊ नकोस.' तिला तुझ्याहून अर्ध्या वयात जास्त अक्कल आहे.

आठ तारखेची हजेरी. तू वही धरून उभा आहेस. तू स्पष्ट पुकारतोस, 'अनेकांत.' आणि 'हाय' येतो. तू टिक करतोस. पुढचं नाव घेतोस. आणि दुसऱ्या दिवशी मला लिहितोस, सगळं नीट पार पडलं!

मी तो 'हाय' शंभरदा ऐकला. पद्मावती शेवटी उठून बाहेर गेली. तुला म्हणे नाव आठवत नाही. माणूस स्वतःचा आवाज बाहेरून कधी ऐकत नाही, म्हणून तुला आठवत नसेल. मी ऐकलाय. दहा वर्षं गोलमध्ये उभा राहून तुझ्या हाका ऐकल्यात. तो आवाज तुझा आहे. आत्ताचा नाही, बाविसाव्या वर्षाचा.

आता जे तीस वर्षं लिहिलं नाही ते लिहितो. १९९५ च्या त्या हजेरीत मी तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो. हंबीरराव चार दिवस तापानं फणफणला होता, घरी झोपला होता. त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तू मान खाली घालून 'हाय' म्हणालास. गोव्याचा माणूस येणार होता आणि त्याच्या क्रॉसशिवाय तुझे गोल होत नव्हते. सगळ्यांना वाटलं, तो मागं कुठंतरी उभा आहे. तो दिसेना तेव्हा पोरं त्याला अंथरुणातून उठवून घेऊन आली. हाफटाइमला तो आपल्या दोघांसमोर बसला होता. ओठ पांढरे पडलेले. त्यानं विचारलं, "माझा हाय कुणी दिला रं?" तू बुटाची नाडी बांधत होतास. मी पाणी पीत होतो. दोघंही गप्प बसलो.

म्हणून मी तुझ्यावर एकट्यावर खापर फोडत नाही. मी बोललो असतो तर तो दुसऱ्या हाफला उतरला नसता. माझा घसा का गेला याचं कारण डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. मी स्वतःला वेगळं सांगतो.

तुझा तो 'हाय' तालमीतून बाहेर गेलाच नाही. तिथंच राहिलाय, आणि रिकामं नाव दिसलं की त्याला उत्तर देतोय.

रविवारी जोतीरामची माणसं माझ्या दारात आली, तर मी उंबऱ्यात आडवा पडेन. माझ्या अंगावरून जावं लागेल. ते थांबवणं तुझ्या हातात आहे.

सम्मेद


मंगळवार पेठ
१७ मार्च

सम्मेद,

माणसं तुझ्या दारात आली नाहीत. कसं ते सांगतो.

आधी हे सांगतो, की अनेकांतचं नाव मी विसरून पुकारलं नाही. तुझं पत्र खिशात होतं. मी मनाला सांगितलं, तीनदा पुकारू, उत्तर येणार नाही, नियमानं कट होईल. खोटं होतं ते. कुणीतरी 'हाय' म्हणावं, असं मला आतून वाटत होतं. म्हणजे खेळवल्याचा दोष तालमीवर गेला असता आणि कप माझ्याकडे आला असता. तीस वर्षांत मी तसूभर बदललो नाही, हे मला तुझ्या पत्रानं कळलं. मी अंथरुणावर बसून तो व्हिडिओ पुन्हा लावला. हो, मीच आहे. त्या आवाजात हाव आहे, ती कुणाची हे मला पहिल्या दिवशीच ओळखता यायला हवं होतं.

शुक्रवारी हंबीररावच्या आईकडे गेलो. बाळाबाई ऐंशीच्या पुढं आहेत, अजून तालमीमागच्या बोळात राहतात. शेंगा फोडत बसल्या होत्या. मी पाय धरले आणि सगळं सांगितलं. हाफटाइमचा प्रश्नही सांगितला. त्यांचा हात थांबला नाही.

"मला कशाला सांगतुयास?" म्हणाल्या. "मी कुटं इचारलं तुला? त्यानं इचारल्यालं न्हवं? मग त्येला सांग जा."

काल दोन वाजता सगळे कपाळाला माती लावायला जमले. जोतीरामनं शिरोळला गाडी काढायला सांगितली होती. मी चप्पल काढली आणि हौद्यात उतरलो. कुणीतरी ओरडलं. पायाखाली माती गरम लागली, सम्मेद. बाहेर उन्हात नाही, आत अंधारात, तापलेल्या अंगासारखी गरम. मी भिंतीकडे तोंड केलं.

म्हटलं, "हंबीरराव, तुझा हाय मी दिलता. माझ्या गोलांसाठी दिलता. तू इचारलंस तवा मी नाडी बांधत बसलो."

मग वही उघडून म्हटलं, "अनेकांत न्हाय. त्यो हाय बी माझाच हाय, मी परत घेतो." आणि नावावर रेघ मारली.

मला वाटलं होतं, काहीतरी होईल. काही झालं नाही. कुणी बोललं नाही, पलीकडूनही नाही. माती पायाखाली गार पडत गेली तेवढं मला जाणवलं.

दोन-शून्यनं हरलो. दक्षिणेतला माणूस हाफटाइमलाच उठून गेला. ती गाडी गेली. सामन्यानंतर जोतीराम माझ्यासमोर उभा राहिला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "हार सोसली असती, सर. पर तीस वर्सं लपिवलंसा, आन् त्येच्याच फोटूखालनं आत-भाईर केलंसा. वही ठेवा आन् जावा. परत पेठंत याचं न्हाय."

गोव्याला निघालोय. म्हापशाजवळ माझा जुना जोडीदार पोरांची अकादमी चालवतो, तिथं काम देतो म्हणाला. फोनवर दिवसरात्र शिव्या येतात, म्हणून नंबर बंद केला. पत्ता मागं लिहिला आहे. तू लिहिलंस तर मी वाचेन. नाही लिहिलंस तरी समजेन.

त्यानं काहीच उत्तर दिलं नाही, हे मात्र सलतंय. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

विजयसिंह


मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १३ एप्रिल, संध्याकाळ

विज्या,

महिनाभर लिहिलं नाही. राग होता, तो कमी झालाय. अनेकांतची तपासणी झाली, सूज अपेक्षेआधीच उतरली. हळूहळू खेळायला परवानगी मिळाली. पत्र अनेकांतच्या खोलीतून लिहितोय, कारण हे शिरोळला जाईपर्यंत थांबवत नाही.

आज नव्या स्पर्धेची पहिली हजेरी होती. अनेकांतबरोबर मी मुद्दाम गेलो. काल जोतिबाची यात्रा झाली, उंबऱ्यावर अजून गुलाल होता. नव्या मॅनेजरनं नावं पुकारली. मी प्रत्येकाच्या ओठांकडे बघत होतो. अनेकांतनं स्वतःच्या तोंडानं 'हाय' म्हटलं. अकराच्या अकरा आपापल्या आवाजात बोलले. तुझा 'हाय' तिथं राहिलेला नाही. तू तो खरंच परत घेतलास.

मॅनेजरनं वही मिटली. पोरं मातीकडे वाकली. आणि पलीकडून हाक आली, "विज्याऽ!"

तुला या नावानं हाक मारणारे दोघंच, एक मी आणि एक तो. आवाज त्याचा होता. तापात बसलेला, घोगरा, हाफटाइमला होता तसा. सगळ्यांनी ऐकला. जोतीरामनं भिंतीला हात टेकला.

माझं तोंड उघडलं, विज्या. तुझ्या वतीनं 'हाय' म्हणायला उघडलं. तू समोर नाहीस, नाव पुकारलंय, मित्राची जागा जायला नको, बस्स, एवढंच मनात आलं. मग कळलं मी काय करतोय. घशात आवाज असता तर मी म्हणून बसलो असतो. दोन वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या घशाचं बरं वाटलं.

पुन्हा हाक आली, "ए विज्याऽ!" मी घड्याळ बघितलं, दोन वाजून दहा मिनिटं. सगळे तिसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. पाच मिनिटं झाली.

तिसरी हाक आलीच नाही.

बाहेर आल्यावर जोतीराम म्हणाला, "कटाळला आन् सोडून दिलं त्यानं. सुटला म्हणायचा तुमचा दोस्त." मलाही तसंच वाटतंय. त्याला काय मागायचं होतं कोण जाणे, पण त्यानं सोडलं. मोकळा झालास तू. असं लिहिताना डोळे भरून येतात.

तरी एक सांगून ठेवतो, म्हातारपणाची भीती समज. तिथं कुणी तुला नावानं हाक मारली आणि माणूस दिसला नाही, तर ओ देऊ नकोस. तुझा नंबर बंद, नाहीतर अनेकांतला फोन करायला लावला असता. उद्या आंबेडकर जयंतीची सुट्टी, परवा सकाळी पोस्ट उघडल्या उघडल्या स्पीड पोस्ट करतो.

सम्मेद


म्हापशाजवळ, गोवा
रविवार, १३ एप्रिल, संध्याकाळ

प्रिय सम्मेद,

तुझं पत्र आलं नाही, तरी लिहितोय. कारण आज मला जे झालं ते तुला सोडून कुणाला सांगणार?

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो. दोन वाजून गेले असतील. खाली मैदानात कुणी नव्हतं, पोरं उन्हाची घरी जातात. आणि कुणीतरी हाक मारली, "विज्याऽ!"

आधी तूच आठवलास. मग आठवलं, तुला आवाज नाही. मी श्वास रोखून पडून राहिलो. म्हटलं, भास असेल. पण पुन्हा आली, "ए विज्याऽ!" घोगरी, बसलेली. मी ओळखली रे. महिनाभर ज्याच्या एका शब्दाची वाट बघत होतो, तो स्वतः बोलवत होता.

तीस वर्षं हजेरीत मी कधी तोंड उघडलं नाही, हे तुला ठाऊक नसेल. गोव्यात, कोलकात्यात, ड्रेसिंग रूममध्ये नाव घेतलं की मी नुसता हात वर करायचो. सोबती मला मुका म्हणायचे. तो शब्द तोंडात आला की मी गिळून टाकायचो. आज मी खिडकीपाशी धावलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "हाय!" शेजारच्या माडावरचा माणूस खाली बघायला लागला. मी तिथंच खिडकीत रडत उभा राहिलो. त्यानंतर हाक आली नाही. कशाला येईल? त्याला उत्तर मिळालं होतं.

त्यानं मला माफ केलं, सम्मेद. रागावलेला माणूस अशी लाडानं हाक मारत नाही. अंग हलकं झालंय, गुडघासुद्धा दुखत नाही. बूट पिशवीत भरले आहेत, तू हसशील. जोतीरामनं पेठेत यायचं नाही म्हणून सांगितलंय, पण हे बोलावणं जोतीरामच्या वरचं आहे.

उद्या पहाटेच्या एसटीनं निघतो आणि थेट तालमीत येतो. सामना कुणाशी आहे, काही माहीत नाही. पण हाय पडलाय म्हटल्यावर खेळायलाच पाहिजे.

तुझा,
विज्या